पिन कोणी काढली

मी काय काम करतो हे डहाणूत मला अजून कुणालाही धड सांगता आलेलं नाही. ‘कम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की शेजारचे हेमंतभाई प्रिंटर घेऊन येतात. एकदा गीझर घेऊन आले होते, त्यातही सर्किट असतं म्हणून. मी तो हौसेनं उघडला, पुन्हा जोडला आणि एक स्क्रू हातात उरला. तेव्हापासून ते प्रिंटरही आणत नाहीत.

मग एकदा मी त्यांना जरा सविस्तर सांगायला गेलो. म्हटलं, “दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की मशीनमध्ये घोटाळा होतो. तो घोटाळा मी शोधतो.”

“दोन गोष्टी एकाच वेळी?” हेमंतभाई म्हणाले. “मग घरात कशाला बसतोस? स्टेशनाबाहेर रिक्षास्टँडवर बस ना. रोजचा पगार सुटेल.”

संपादकांनी या अंकासाठी ‘कामाविषयी लिहा, पण सगळ्यांना समजेल असं’ असा निरोप पाठवला, तेव्हा मला पहिल्यांदा रिक्षास्टँडच आठवला. नोकरीच्या पायऱ्या कशा चढलो ते मी लिहिणार नाही. चढलेलं सांगण्यात गंमत नसते, आणि मला पडलेलंच चांगलं सांगता येतं.

तर काम असं. फोन घ्या, एटीएम घ्या, टीव्हीखालचा तो काळा डबा घ्या. सगळ्यांच्या तळाशी एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. तो कधी दिसत नाही. वरचे सगळे प्रोग्राम त्याच्या मागे लागलेले असतात: मला जागा दे, मला वेळ दे, माझा हा निरोप पलीकडे पोचव. त्यातला निरोप पोचवण्याचा जो भाग, म्हणजे नेटवर्किंगचा, त्यात मी अर्धं आयुष्य घातलं. आणि त्यातही माझ्याकडे जे दुखणं यायचं त्याचं नाव रेस कंडिशन.

हे दुखणं समजायचं तर कासा नाक्यावर यायला हवं. तिथून पाड्यांकडे जाणाऱ्या जिपा भरतात. जागा धरायची आमच्याकडची पद्धत म्हणजे खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली, मग खुशाल जाऊन चहा प्या. ही पद्धत सगळे पाळतात. तरीही भांडणं होतातच. का? एक जण डावीकडच्या खिडकीतून डोकावतो, सीट रिकामी दिसते, तो खिशात रुमाल शोधायला लागतो. नेमक्या त्याच वेळी उजवीकडच्या खिडकीतून दुसरा डोकावतो, त्यालाही सीट रिकामीच दिसते. दोन्ही रुमाल पडतात. मग दोघं एकमेकांच्या आईबापांवर घसरतात. खरं म्हणजे दोघंही प्रामाणिक असतात. दोघांनीही सीट रिकामीच पाहिलेली असते. चूक असते ती पाहणं आणि रुमाल टाकणं यांच्या मधल्या फटीत. मशीनच्या आत अशा हजारो जिपा एकाच वेळी भरत असतात. बहुतेक वेळा दुसरा माणूस जरा उशिरा येतो आणि काही होत नाही. मग एखाद्या बाजाराच्या दिवशी दोघं एकदम डोकावतात आणि सगळी जीप उलटते.

यावर उपाय काय? दारात क्लीनर उभा करायचा. एकानं आत बघायचं, रुमाल टाकायचा, बाहेर यायचं. मगच दुसऱ्याला सोडायचं. याला आम्ही लॉक म्हणतो. क्लीनर भलत्या दाराशी उभा केला तर उपयोग शून्य. फार क्लीनर उभे केले तर ‘आधी तू, आधी तू’ करत सगळे उभेच राहतात आणि जीप काही सुटत नाही. माझी सगळी विद्या एवढीच आहे. पगार घेताना मी ती जरा अवघड शब्दांत सांगत असे.

याहून वाईट एक प्रकार आहे. एकानं रुमाल टाकला आणि तो वडापाव खायला गेला. तेवढ्यात ड्रायव्हरला चिकूचं भाडं मिळालं. त्यानं मागची सीट काढली आणि तिथं चिकूचे क्रेट रचले. आपला माणूस तोंड पुसत परत येतो. आपली जागा कुठं आहे हे त्याला पाठ असतं, त्यामुळे तो बघतही नाही, धपकन बसतो. चिकूचं जे होतं तेच मशीनचं होतं. हा चिकूचा प्रकार लक्षात ठेवा, पुढे त्यातच मी बसणार आहे.

उमेदवारीत असतानाची एक फजिती आधी सांगतो. मुंबईतल्या कंपनीत होतो. एक मशीन मधूनच मान टाकायचं. नेमकं कुठं टाकतं ते कळावं म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: इथवर आलास की ‘आलो रे बाबा’ असं लिही. ओळ घातल्याबरोबर बिघाड गायब. काढली की मशीन पुन्हा आडवं. घातली की ठणठणीत. कारण मला कळलं होतं. ते तीन शब्द लिहायला किंचित वेळ जातो, तेवढ्यात पहिला प्रवासी सीटवर बसून मोकळा होतो आणि टक्कर टळते. म्हणजे बिघाड जागच्या जागी होता, फक्त त्याची वेळ चुकत होती. मी तिथं क्लीनर उभा करायला हवा होता. मी ती ओळ तशीच ठेवली, वर ‘काढू नये’ असा शेरा मारला आणि साहेबांना सांगितलं, “झालं दुरुस्त.” साहेबांनी पाठ थोपटली.

पुढे परदेशातल्या एका ग्राहकानं घाबरून विचारणा केली, की आमच्या मशीनमध्ये दिवसभर ‘आलो रे बाबा’ उमटतंय, हा विषाणू कोणत्या देशातला? साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं.

“राऊत, यातला बाबा कोण?”

“आपणच, सर,” मी म्हणालो.

ही गोष्ट मी लग्नात, बारशात, कुठंही सांगतो. लोक हसतात. लोक हसले की मला बरं वाटतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. पुढे उधवा नावाच्या गावी जे झालं ते कोडमधल्या चुकीमुळे झालं असं आमच्या कंपनीत सगळे समजतात. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं या खोडीमुळे झालं.

काही वर्षांपूर्वी मी डहाणूला परत आलो आणि घरूनच एका लहान कंपनीचं काम करू लागलो. ही कंपनी इंटरनेटचे डबे बनवते. डब्याला दोन शिंगं, आत दोन सिमकार्डं. ज्या सिमला चांगली रेंज असेल त्यावर डबा आपोआप उडी मारतो. खेड्यापाड्यांत फार उपयोगाची वस्तू. असा एक डबा एका सेवाभावी ट्रस्टनं तलासरी तालुक्यात उधव्याला बसवला होता. तिथं त्यांची एक खोली आहे. आठवड्यातले ठरलेले दिवस डॉक्टर पडद्यावर बसतात आणि आसपासच्या पाड्यांवरचे लोक त्यांना दुखणं दाखवायला येतात. खोली सांभाळणाऱ्या बाईंचं नाव जयवंती धोडी. वजन करणं, बीपी बघणं, पेशंटला कॅमेऱ्यासमोर नीट बसवणं, म्हाताऱ्यांचं बोलणं डॉक्टरांना मराठीत समजावणं, सगळं त्याच करत. नेमणूक कंत्राटी. त्याच गावच्या, तिथंच पाड्यावर घर.

तक्रार अशी होती, की डॉक्टर बोलत असतानाच डबा बंद पडतो. दिवे जातात, थोड्या वेळानं आपोआप येतात. एरवी, खोली रिकामी असताना, डबा दिवसच्या दिवस सुरळीत. बंद पडायचा तो गर्दीच्या वेळीच.

आमची ऑनलाइन मीटिंग झाली. ट्रस्टचे व्यवस्थापक सावे होते, आमच्या कंपनीचे चारपाच जण होते. मी मुंबईतल्या आमच्या लॅबमधून डब्याची तपासणी करवून घेतली होती. तिथं तो कधीच बंद पडला नव्हता. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? ‘मला माहीत नाही, जाऊन बघतो.’ डहाणूहून उधवा म्हणजे काही परदेश नाही.

मी म्हणालो, “सावेसाहेब, रिकाम्या खोलीत चालतो आणि माणसं आली की बंद पडतो. म्हणजे बाई आमच्या डब्याची पिन काढून स्वतःचा मोबाईल लावत असतील चार्जिंगला. इतक्या लोकांना तोंड द्यायचं तर मोबाईल भरलेला नको का?”

सगळे हसले. सावे तर पोट धरून हसले. मीटिंग छान झाली.

विनोद असा पटकन पसरतो, आणि पसरताना त्यातला ‘असतील’ गळून पडतो. सावे उधव्याला गेले आणि गावच्या समितीत म्हणाले, “कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरनं सांगितलंय, बाई पिन काढतात.” समितीतून ते पाड्यांवर गेलं. मग समितीनं एक शक्कल काढली. सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं, प्लगवर ठोकलं आणि त्याला कुलूप लावलं. चावी समितीच्या लखमाकाकांकडे. पुढच्या वेळी डॉक्टर बोलायला लागले आणि डबा बंद पडला. यावरून लोकांना कळायला हवं होतं की पिनेचा संबंध नाही. लोकांनी काढलेला निष्कर्ष निराळा होता: जयवंतीकडे दुसरी चावी आहे.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मला सावेंचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. “राऊतसाहेब, त्या बाईंना महिनाअखेर कामावरून बंद करतोय. नवीन माणूस घेऊ. त्याच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही एकदा डबा बघून जाता का? तुमच्या विनोदानं आमचं काम सोपं केलं.”

हे वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मला तेव्हाही ते कौतुकच वाटलं. आता ही ओळ लिहिताना कान तापतायत.

डॉक्टरांच्या दिवशीच गेलो. खोलीबाहेर पडवीत माणसं बसलेली. आत जयवंतीताई. चाळिशीच्या असाव्यात, पदर खोचलेला, आवाज खणखणीत.

मी नाव सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“तुम्हीच का ते, पिनवाले?”

“मी... कंपनीतून आलोय. डबा बघायला.”

“डबा तिकडं. पिन त्या खोक्यात. चावी लखमाकाकांकडं, ते बाहेर बिडी ओढतायत. आणि मोबाईल,” त्यांनी साडीच्या कमरेतून एक साधा बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला, “हा. एकदा भरला की बाजार ते बाजार चालतो. बसा.”

मी बसलो. लॅपटॉपची वायर डब्याला जोडली, म्हणजे तो बंद पडताना काय बोलतो ते दिसेल. पडद्यावर डॉक्टर आले. एक आजी गुडघा दाखवायला पुढे सरकल्या. आणि तेव्हा मी पाहिलं. आजींना बसवून झाल्यावर ताई मागे सरकल्या, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांनी समोर, सगळ्यांना दिसतील असे धरले. आरतीला उभं राहिल्यासारखे. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना तशी सवय झाली होती.

डॉक्टर म्हणाले, “आजी, पाय जरा सरळ...” आणि डब्याचे दिवे गेले.

खोलीत सगळे ताईंकडे बघायला लागले. डब्याकडे एकही नाही.

“बघा साहेब,” ताई मला म्हणाल्या, “माझे हात इथं आहेत.”

मी लॅपटॉपकडे बघितलं. मरता मरता डब्यानं जे लिहून ठेवलं होतं त्यात, कोणत्या कामात असताना जीव गेला त्या कामाचं नाव होतं. ते नाव माझ्या ओळखीचं होतं. ते मीच ठेवलं होतं.

त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. गुजरातेत आपलं स्वागत आहे, असा मेसेज. मी खुर्चीतून हललोही नव्हतो. उधव्याला हे कुणाला सांगायची गरज नाही. तिथं खाटेच्या उशाला महाराष्ट्राचा टॉवर लागतो आणि पायथ्याला गुजरातचा. आमच्या डब्यातलं एक सिम इकडचा टॉवर धरत होतं, दुसरं तिकडचा, आणि डबा ‘हा बरा, नाही तो बरा’ करत अखंड उड्या मारत होता. रिकाम्या खोलीत उड्यांनी काही बिघडत नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं आणि चित्र भरधाव वाहत असताना उडी पडली की मरण. मुंबईच्या लॅबमध्ये रेंज एखाद्या सज्जन माणसासारखी एका जागी बसून असते. तिथं आम्ही सिम बदलायचो तेही सावकाश, हातानं, चहा पिता पिता.

आता चिकूकडे येतो. डब्यात एक छोटा टायमर असतो. निरोप वाहत असले की तो मधून मधून सिमला मेमरीत दिलेल्या जागेवर जातो आणि किती निरोप गेले त्याची नोंद करतो. डबा दुसऱ्या सिमवर उडी मारतो तेव्हा पहिल्या सिमची जागा मोडून दुसऱ्या कामाला दिली जाते. तेव्हा टायमरला आधी ‘थांब’ म्हणायचं, तो खरोखर थांबला ना ते बघायचं, आणि मगच जागा मोडायची. कर्नेलच्या जुन्या प्रोग्राममध्ये तसंच होतं. त्या थांबण्यात उडीला थोडा वेळ जायचा. तो वेळ मी वाचवला होता. टायमरला ‘थांब’ म्हणायचं आणि मागं वळून न बघता जागा मोडायला घ्यायची. उडी झटपट व्हायला लागली, माझ्या आलेखातली रेघ सुंदर खाली आली, आणि मी तो आलेख निदान चार ठिकाणी मिरवला. टायमर आधीच त्या जागेच्या वाटेला लागलेला असेल तर काय, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला होता. ‘असं कितीदा होणार’ असं मी स्वतःला म्हणालो होतो. उधव्याला ते डॉक्टरांच्या प्रत्येक दिवशी होत होतं.

म्हणजे पिन मीच काढत होतो. आणि वर त्या बाईंचं नाव सांगून सगळ्यांना हसवलंही मीच.

मी घाईघाईनं डहाणूला आलो आणि दुरुस्ती केली. ती घेऊन पुढच्या वेळी ऐटीत गेलो. डबा सुरू केला, डॉक्टर पडद्यावर आले, डब्यानं उडी मारली आणि पडदा जागच्या जागी थिजला. डॉक्टरांचं तोंड उघडंच. आता दिवेही जाईनात आणि येईनातही. मी थांबायचं कलम घातलं होतं, पण भलत्या ठिकाणी: डबा टायमरची वाट बघत होता आणि टायमर डब्याची. आधी तू, आधी तू.

“आधी निदान आपोआप चालू तरी व्हायचा,” लखमाकाका दारातून म्हणाले.

मग मी तिथंच पडवीत बसून ते नीट केलं. तपासायला उड्या हव्या होत्या, तेव्हा डब्याला बॅटरी लावली, तापानं फणफणलेल्या पोराला घेऊन फिरतात तसा तो कडेवर घेतला आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. विहिरीकडे गेलं की महाराष्ट्र, बांबूच्या बेटाकडे गेलं की गुजरात.

“साहेबाला काय झालं?” कुणीतरी विचारलं.

“डब्याला हवा लागते म्हणे,” ताई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. बाकीचे हसले. दुसऱ्यांदा कळलं की हसणं कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि या वेळी ते योग्य अंगावर पडत होतं.

डबा बंद पडला नाही. थिजलाही नाही. ताईंच्या खोलीत तो परत जोडला, आणि डॉक्टर शेवटच्या पेशंटपर्यंत बोलत राहिले.

त्याच दिवशी सावेंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो राऊतसाहेब, झालं ते झालं. आता चालतंय ना? बाईंचं म्हणाल तर त्यांना काढायचा समितीचा ठराव झालाय. लोकांचाच विश्वास उडालाय, त्याला मी काय करू? समितीनं म्हटलं ठेवा, तर मी ठेवतो.”

मी ताईंकडे गेलो. मनात एक मोठं बक्षीस घेऊनच गेलो होतो. आमच्या जगात एक शिस्त आहे. कर्नेल जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे, त्यामुळे त्यातली दुरुस्ती सगळ्या जगापुढे मांडावी लागते आणि तिच्या खाली काही ओळी लिहाव्या लागतात. ही चूक मुळात कोणत्या बदलामुळे घुसली, ही एक ओळ. त्या बदलावर करणाऱ्याचं नाव असतंच, म्हणजे तिथं मी येणार होतो, त्याला इलाज नव्हता. आणि दुसरी ओळ, ही चूक कुणी नजरेस आणून दिली. ही ओळ मोठ्या मानाची. तिथं नाव यावं म्हणून शिकलेली पोरं धडपडतात.

“ताई, तिथं मी तुमचं नाव घालतो. जयवंती धोडी, उधवा. जगभरचे इंजिनिअर वाचतील. कायमचं राहील ते, कुणाला पुसता येणार नाही.”

त्यांनी मान हलवली. “नको.”

“अहो, मान असतो तो.”

“बिघाडाशेजारी माझं नाव एकदा लावलंत साहेब. पुरे झालं. आता पुन्हा नका लावू. कायमचं तर नकोच.”

मला वाटलं होतं त्या निदान ‘कुठं वाचायला मिळेल’ तरी विचारतील.

“आणि ते जगातले लोक,” त्या म्हणाल्या, “ते काय माझ्या पाड्यावर राहतात? माझी सासू विहिरीवर जाते तर बाया म्हणतात, तुझी सून पिना उपटते. माझ्या पोरीला शाळेत म्हणतात. ते तुमच्या कम्प्युटरात वाचणार आहेत का?”

“मग मी काय करू?”

“डॉक्टरच्या दिवशी या. इथं बसा, माझ्या खुर्चीवर. येईल त्याला सांगा.”

त्या राहिल्या, हे इथंच सांगून टाकतो. आजही उधव्याची खोली त्याच सांभाळतात. पण पुढच्या डॉक्टरांच्या दिवशी मी गेलो तेव्हा ते ठरलेलं नव्हतं. पडवीत समितीची माणसं होती, लखमाकाका होते आणि पाड्यांवरचे बरेच लोक होते. एवढे लोक डॉक्टरांसाठी आले होते, की जयवंती जाणार का राहणार हे ऐकायला, ते मला कळलं नाही.

मी खुर्चीत बसलो. मीटिंगांमध्ये मी मोठमोठ्या लोकांपुढे बोललोय. इथं मी येईल त्याला एकेकट्याला सांगायचं ठरवलं. पहिला एक म्हातारा आला. मी म्हणालो, “बाबा, मागं डबा बंद पडायचा ना, ती चूक माझी होती. ताईंची नव्हती.”

त्यानं मला निरखून बघितलं. “म्हणजे बंद करणारा तू?”

“हो.”

“कशाला करत होतास?”

चिकू आणि टायमर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. “चुकलं माझं,” एवढंच म्हटलं. तो बीपी तपासून घ्यायला पुढे गेला. मग एक बाई आली, लेकराला घेऊन. तिला सांगितलं. ती म्हणाली, “आम्ही तर जयवंतीला काय काय बोललो,” आणि माझ्याकडे न बघता ताईंकडे बघत राहिली. ताईंनी लेकराला वजनकाट्यावर ठेवलं.

मग गुडघेवाल्या आजी आल्या. दूरच्या पाड्यावरून चालत येणाऱ्या, आणि दर वेळी अर्ध्या बोलण्यात परत जाणाऱ्या. त्या बाकावर बसल्या, काठी मांडीवर आडवी घेतली. मी त्यांच्याजवळ वाकलो आणि तेच सगळं हळू आवाजात सांगितलं. चूक माझी. पिनेचं मी बोललो ते खोटं. जयवंतीताईंनी कधी काही केलं नाही.

आजींनी ऐकून घेतलं.

“तिच्याविषयी बोललास तेव्हा लोक हसले होते ना?” त्यांनी विचारलं.

“हो आजी.”

“म्हणजे मोठ्यानं बोलला असशील.”

मी मान डोलावली.

“आता माझ्या कानात कशाला सांगतोस?” आजींनी काठीनं दाराकडे दाखवलं. “उंबऱ्यावर उभा राहा. बाहेरच्यांना ऐकू नाही गेलं.”

मी ताईंकडे पाहिलं. सोडवतील असं वाटलं होतं. त्या आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी उठलो, उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. पडवीत एकही माणूस हसला नाही.